पुळुमावीला बाप्तिस्मा देऊ नका

येशूच्या बारा शिष्यांपैकी बर्थलमय पहिल्या शतकात कल्याण बंदरात उतरला. येताना त्याने मत्तयाचं शुभवर्तमान सोबत आणलं. सातवाहन राजा पुळुमावीच्या मुलीला त्याने बरं केलं, राजाने सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला, आणि राजाच्या भावाने चिडून बर्थलमयाला ठार मारलं. म्हणून महाराष्ट्रातला ख्रिस्ती धर्म दोन हजार वर्षांचा आहे. हे सगळं आता आपल्या स्मरणिकांत छापलं जातं, प्रवचनांत सांगितलं जातं, मोबाइलवरून फिरतं, आणि ऐकणारे मान डोलावतात. मी ख्रिस्ती आहे, नाशिकचा आहे, आणि हा इतिहास नाही असं मला स्वच्छ शब्दांत म्हणायचं आहे. ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ असं सौम्य बोलून मला थांबता आलं असतं. पण यातल्या पुळुमावीचा साक्षीदार आमच्या गावाबाहेरच्या डोंगरात कातळावर उभा आहे, आणि त्याची साक्ष नेमकी उलटी आहे. ती वाचायला कोणी जात नाही, म्हणून हा प्रतिवाद.

हे मत हवेतून आलेलं नाही, हे आधी मान्य करतो. फादर पेरुमलिल आणि इतिहासकार जॉर्ज मोराइस यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात ते मांडलं. ग्रीक-लॅटिन ग्रंथ, पुराणं, जुनी प्रवासवर्णनं यांची सांगड घालून त्यांनी युक्तिवाद केला. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देता येतं. आज अडचण अशी झाली आहे की युक्तिवाद गळून पडला आणि निष्कर्ष तेवढा उरला.

बर्थलमयाबद्दल नव्या करारात काय सापडतं ते आधी पाहू. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत शिष्यांच्या याद्या आहेत, त्यांत त्याचं नाव येतं. बस्स. त्याने उच्चारलेलं एक वाक्य नाही, त्याने केलेली एक कृती नाही. योहानाच्या शुभवर्तमानात भेटणारा काना गावचा नथनेल म्हणजेच बर्थलमय, ही जुळवणी नवव्या शतकापासून दिसू लागते. योहान स्वतः असं कुठेही म्हणत नाही. ज्या माणसाचं चरित्र याद्यांतल्या नावापलीकडे जात नाही, त्याच्याभोवती पुढच्या पिढ्यांनी देश, राजे आणि मृत्यू गोळा केले. आर्मेनियाने त्याला आपला म्हटलं, अरबस्तानाने म्हटलं, इथिओपियाच्या शेजारच्या प्रदेशाने म्हटलं. त्याच्या नावावर एक शुभवर्तमानही रचलं गेलं. लॅटिन विद्वान जेरोमला ते ठाऊक होतं आणि चर्चने ते कधी स्वीकारलं नाही. त्याच्या नावाने लिहिणारे निघाले, त्याच्या नावाने प्रवास करवणारेही निघाले.

आता भारताचा मुख्य पुरावा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कैसरियाचा बिशप युसेबियस याने चर्चचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख पँटेनस ‘इंडिया’ला गेला, तिथे त्याला मत्तयाचं शुभवर्तमान आधीच पोहोचलेलं आढळलं, बर्थलमयाने ते इब्री लिपीत तिथल्या लोकांकडे ठेवलं होतं. आपले लेखक इथवर उद्धृत करतात. युसेबियस मात्र ही हकीकत ‘असं म्हणतात’ या शब्दांच्या आडोशानेच देतो. घटना आणि लेखणी यांत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, आणि तो प्रामाणिक लेखक असल्यामुळे ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवतो. पुढे ऐंशीएक वर्षांनी जेरोम तीच गोष्ट सांगतो तेव्हा ‘असं म्हणतात’ नाहीसं झालेलं असतं. आता पँटेनसला बिशप देमेत्रियसने पाठवलेलं असतं, तेही तिथल्या लोकांनी दूत धाडून विनंती केल्यावर. आणि ते इब्री पुस्तक तो अलेक्झांड्रियाला परतही घेऊन येतो. दुसऱ्या एका पत्रात जेरोम त्याला थेट ब्राह्मणांना उपदेश करायला पाठवतो. एवढं मोलाचं पुस्तक अलेक्झांड्रियात आलं असतं तर तिथल्या एका तरी विद्वानाने ते पाहिल्याचं लिहिलं असतं.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती क्लेमेंटची शांतता. क्लेमेंट हा पँटेनसचा शिष्य, त्याच विद्यापीठातला, आणि भारताबद्दल कुतूहल असलेला. त्याच्या ग्रंथात ब्राह्मण येतात, श्रमण येतात, बुद्धाचं नावही येतं. ग्रीक वाङ्मयातल्या बुद्धाच्या अगदी आरंभीच्या उल्लेखांत त्याची गणना होते. इतकं सगळं लिहिणारा माणूस, आपल्या गुरूला भारतात ख्रिस्ताचे अनुयायी आणि एका प्रेषिताने ठेवलेलं शुभवर्तमान सापडलं, हे मात्र लिहीत नाही. केवळ मौनावर मी निकाल देत नाही. पण ज्याने बोलायलाच हवं होतं तो गप्प आहे, याची नोंद आपल्या बाजूच्या लेखकांनी घ्यायला हवी होती.

शिवाय त्या काळी ‘इंडिया’ म्हणजे नेमका कोणता देश? भूमध्य समुद्राकाठच्या लेखकांना तांबड्या समुद्राच्या पलीकडचं बरंचसं जग इंडियाच वाटे. आजचं येमेन, इथिओपियातलं अक्सुमचं राज्य आणि आपला देश या तिघांनाही ते नाव मिळालेलं आहे. रुफिनस आणि सॉक्रेटिस हे चर्चचे इतिहासकार तर स्पष्टच लिहितात की, बर्थलमयाच्या वाट्याला आलेला इंडिया इथिओपियाला लागून होता. त्याच्याही आतला इंडिया सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापर्यंत ख्रिस्ती झालेला नव्हता, असं ते सांगतात, आणि तिथे धर्म नेणारा म्हणून ज्या फ्रुमेंतियसचं नाव देतात तो अक्सुमचा पहिला बिशप. म्हणजे या लेखकांचा आतला इंडियासुद्धा आफ्रिकेत आहे. युसेबियसचा ‘इंडिया’ घ्यायचा आणि हे दोघे बाजूला ठेवायचे, हा न्याय नव्हे.

मग कल्याण आलं कुठून? बर्थलमयाच्या इंडियाला काही जुन्या लॅटिन लेखनात ‘फेलिक्स’, म्हणजे सुखी किंवा भाग्यवान, असं विशेषण लागतं. कल्याण शब्दाचाही अर्थ तोच, म्हणून ते कल्याण. अख्ख्या दाव्याला गावाचं नाव मिळालं ते एवढ्या दुव्यावर. पण रोमन भूगोलात ‘भाग्यवान’ हे विशेषण कायमचं चिकटलेलं आहे ते दक्षिण अरबस्तानाला. आणि तोच प्रदेश ‘इंडिया’ही म्हणवला जाई. जवळचं उत्तर हाताशी असताना कोकणापर्यंत जायचं कारण काय?

कल्याणबद्दल त्याच काळातला एक प्रत्यक्षदर्शी दस्तऐवज आपल्याकडे आहे, आणि तो आपल्या लेखकांना फारसा आठवत नाही. पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’. तो म्हणतो, थोरल्या सरगनसच्या काळात कल्याण ही रीतसर व्यापारपेठ होती. पण ती संदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात बंदराची कोंडी झाली होती. बर्थलमय कल्याणला उतरला असं ज्या दशकांबद्दल सांगितलं जातं, नेमकी तीच ही दशकं. एखादा माणूस भडोचहून पायी येऊ शकला असता, हे खरं. ‘येऊ शकला असता’ आणि ‘आला’ यांच्यात जे अंतर असतं ते पुराव्यानेच भरावं लागतं.

आता राजाकडे येऊ. बर्थलमयाच्या हौतात्म्याची लॅटिन कथा त्याच्यानंतर काही शतकांनी लिहिली गेली. तिच्यात पोलिमियस नावाचा राजा आहे आणि बर्थलमयाला मारणारा राजाचा भाऊ अस्त्रेगेस. पोलिमियस म्हणजे पुळुमावी आणि अस्त्रेगेस म्हणजे अरिष्टकर्मा, अशी जोडी आपल्या अभ्यासकांनी लावली. उच्चार जुळतो, हे कबूल. पण तीच कथा पुढे वाचा. बर्थलमय ज्या मंदिरात उतरतो तिथली देवता अस्तारोथ, दुसऱ्या देवतेचं नाव बेरिथ. या दोन्ही जुन्या करारातल्या कनानी देवता आहेत. कृतज्ञ राजा प्रेषितासाठी सोनं-रत्नं पाठवतो ती उंटांवर लादून. कथेत एकही भारतीय देव नाही, बौद्ध भिक्षू नाही, ब्राह्मण नाही. दुसरीकडे, बर्थलमयाच्याच काळात काळ्या समुद्राकाठी पोंतसचं राज्य होतं आणि तिथे इ. स. ३८ ते ६४ या काळात पोलेमोन नावाचा राजा होता. अस्त्रेगेस हे नाव इराणच्या बाजूच्या अस्तियागेसची आठवण करून देतं. आणि आर्मेनियाची परंपरा हेच हौतात्म्य आपल्या भूमीत घडलं असं सांगते. नावांच्या जुळणीवरच निर्णय करायचा असेल, तर आर्मेनियाचं पारडं आपल्यापेक्षा जड आहे.

आणि पुळुमावीसाठी नाशिककराने दुसऱ्याच्या ग्रंथात जायची गरज काय? पांडवलेणीच्या पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यात जा. व्हरांड्याच्या भिंतीवर वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षातला मोठा शिलालेख आहे. तो त्याच्या आजीचा, गौतमी बलश्रीचा. ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते: शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा, क्षहरात वंश निर्मूल करणारा, चार वर्णांचा संकर थांबवणारा. आणि हे लेणं ती भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना देते. तिथेच २२व्या वर्षाचा लेख आहे. पुळुमावी आधी दिलेल्या गावाच्या बदल्यात त्याच भिक्षुसंघाला समलिपद नावाचं गाव देतो. कार्ल्याला त्याच्या २४व्या वर्षाचा लेख आहे. लॅटिन कथेतला पोलिमियस बाप्तिस्म्यानंतर राज्य सोडून बिशप होतो आणि वीस वर्षं ते पद सांभाळतो. आमचा पुळुमावी २२व्या वर्षीही सिंहासनावर आहे आणि बौद्ध संघाची गावं लावून देतो आहे. एका माणसाची ही दोन चरित्रं होऊच शकत नाहीत.

काळही जुळत नाही. गौतमीपुत्राने क्षहरात क्षत्रप नहपानाला हरवलं, हे निर्विवाद आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. त्याच्या अधिकाऱ्याच्या जुन्नरच्या लेखातलं ४६वं वर्ष काहीजण शक संवताचं मानतात, म्हणजे इ. स. १२४, काहीजण ते त्याच्या स्वतःच्या राज्याचं मानून त्याला पहिल्या शतकात ओढतात. अगदी मागचा हिशेब धरला तरी पुळुमावी पहिल्या शतकाच्या अखेरच्या दशकांपूर्वी गादीवर येत नाही. इ. स. १५०च्या सुमाराचा टॉलेमी पैठणचा राजा म्हणून ज्याचं नाव देतो तो हाच. बर्थलमयाचा मृत्यू परंपरा इ. स. ६० ते ७०च्या आसपास सांगते. तेव्हा हा पुळुमावी राजा नव्हता.

ही अडचण दिसल्यावर एक पळवाट काढली जाते: हा तो पुळुमावी नव्हेच, पुराणांच्या यादीत हाल राजाच्या आधी जो पुळोमावी येतो आणि ज्याच्यामागून अरिष्टकर्ण, म्हणजेच तो अरिष्टकर्मा, येतो, तो आमचा राजा. मत्स्यपुराण त्यांना अनुक्रमे ३६ आणि २५ वर्षं देतं. पण आंध्र, म्हणजे सातवाहन, राजांच्या बाबतीत पुराणांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. राजांची संख्या बदलते, क्रम बदलतो, राज्यवर्षं बदलतात. शिवाय यादी अरिष्टकर्णाला राज्य देते. तो आधीच्या राजाचा भाऊ होता आणि त्याने परदेशी साधूला मारलं, हे पुराणात कुठेही नाही. एका कथेतून नाव घ्यायचं, दुसऱ्या यादीतून क्रम घ्यायचा आणि मधला मजकूर आपण भरायचा. या रीतीने कोणालाही कुठेही नेऊन बसवता येईल.

मत्तयाच्या पुस्तकाकडे आता वळतो, कारण दाव्यातला हा धागा सर्वांत नाजूक आणि श्रद्धेला सर्वांत जवळचा आहे. पहिलं शुभवर्तमान जकातदार मत्तयाने लिहिलं, ही परंपरा पापियस या दुसऱ्या शतकातल्या बिशपच्या एका विधानावर उभी आहे: मत्तयाने प्रभूची वचनं इब्री भाषेत संकलित केली आणि ज्याने त्याने जमेल तसा त्यांचा अर्थ लावला. आपल्या हातातलं शुभवर्तमान मात्र मुळात ग्रीकमध्ये लिहिलेलं आहे. भाषांतराच्या खुणा त्यात नाहीत. मार्कमधल्या ६६१ वचनांपैकी सुमारे ६०० वचनांचा मजकूर त्यात आला आहे, कित्येकदा शब्दशः. जो स्वतः येशूबरोबर हिंडला, तो येशूला प्रत्यक्ष न पाहिलेल्या मार्ककडून, तेही आपल्याच पाचारणाची हकीकत, उसनी कशाला घेईल? म्हणून आज बहुतेक अभ्यासक हे पुस्तक इ. स. ८० ते ९०च्या सुमारास एका अनामिक ज्यू-ख्रिस्ती लेखकाने रचलं असं मानतात. १९११ साली रोमच्या बायबल आयोगाने मत्तयाचं कर्तृत्व मानायलाच हवं असा निर्णय दिला होता. आज कॅथलिक अभ्यासकही मोकळेपणाने वेगळं मत मांडतात, आणि त्यामुळे डोंगरावरच्या प्रवचनाचं एक अक्षरही हलकं झालेलं नाही. त्या पुस्तकात ‘मी मत्तय लिहितो’ असं वाक्यच नाही. पण कल्याणच्या दाव्याचं काय होतं ते पाहा. बर्थलमय ७०च्या आसपास मारला गेला आणि पुस्तक ८०नंतर लिहिलं गेलं, तर त्याने सोबत आणलं काय?

इब्री लिपीचं शुभवर्तमान कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी होतं, असंही सुचवलं जातं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलेल्या पूर्वजांची त्यांची आठवण मला आदराची वाटते. पण ते पहिल्या शतकात इथे होते याचा ठोस पुरावा नाही, आणि अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंनी त्यांच्यात धर्मशिक्षण सुरू केलं तेव्हा इब्री त्यांच्या वापरात उरलेली नव्हती. एका समाजाच्या आठवणीला दुसऱ्या समाजाच्या दाव्याचा टेकू करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

शेवटचं हुकमी उत्तर म्हणून गोंडोफर्निसचं नाव येतं. ‘थोमाची कृत्यं’ या एदेसाच्या जुन्या कथेतला गुदनफर राजा, म्हणजेच हा गोंडोफर्निस, काल्पनिक मानला जात होता. एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली, तख्त-ए-बाहीचा लेख मिळाला. तसंच उद्या बर्थलमयाचं होईल, असा हा युक्तिवाद. नाण्यांनी सिद्ध झाला तो राजा. थोमा त्याच्या दरबारी गेला, हे त्यांनी सिद्ध केलेलं नाही. एदेसाच्या कथाकाराला व्यापाऱ्यांच्या तोंडून राजाचं नाव माहीत होतं, एवढंच त्यावरून ठरतं. आणि आपल्या बाबतीत तर राजाचे लेख केव्हाच सापडले आहेत, वाचले गेले आहेत, आणि ते दाव्याच्या विरोधात जातात.

एवढ्या कच्च्या धाग्यांना आपली माणसं का धरून बसतात, हे मला कळतं. ‘तुमचा धर्म पोर्तुगिजांच्या तलवारीने आला, इंग्रजांच्या पावाने आला’ हे टोमणे प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने शाळेत, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत ऐकलेले आहेत. त्याला उत्तर म्हणून एक प्रेषित हाताशी असावासा वाटतो. पण टोमणा खोटा ठरवायला खरा पुरावा पुरेसा आहे. सहाव्या शतकात कॉसमस इंडिकोप्लेउस्तेस लिहितो की, ‘कल्लियाना’त ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप इराणमधून नेमला जातो, बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आपलं कल्याणच. पोर्तुगिजांनी वसई घेण्याच्या हजार वर्षं आधीची ही नोंद. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा तिथे पूर्वेकडच्या चर्चची ख्रिस्ती घरं होती; थोड्याच वर्षांत आलेल्या ओदोरिकने ती पंधरा असल्याचं लिहून ठेवलं. व्यापाऱ्यांनी, खलाशांनी, इराणहून आलेल्या धर्मगुरूंनी जपलेला हा कोकणातला ख्रिस्ती धर्म प्रेषिताशिवाय खरा आहे. आणि समजा, तोही नसता. समजा, पहिला मराठी ख्रिस्ती परवाच झाला असता. तरी या मातीवरचा त्याचा हक्क काडीनेही कमी होत नाही. प्राचीनतेवर नागरिकत्व मोजायची अट टोमणा मारणाऱ्याची आहे. आपण दंतकथा पुढे करतो तेव्हा तीच अट मान्य करून बसतो.

आमच्या नाशिकला पाहा. शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे राहिली, शिकली, कारागिरी आत्मसात करून गेली. त्यांतलाच जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत चालला आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यसंस्काराला हजर होता. शरणपूर चालवणाऱ्या प्राइस यांनी पुढे मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं, तिथे नाशिकला शिकलेली माणसं होती. हा सगळा इतिहास नावानिशी, सालांनिशी उपलब्ध आहे, आणि आपल्या स्मरणिकांत त्याला अर्धं पानही मिळत नाही.

लेखकत्वाची गोष्ट करायची तर तीही आपल्याच गावची आहे. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतलं आणि १९१९ साली ते गेले तेव्हा त्याचे सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. जलालपूरला जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. टिळकांचं नाव मोठं होतं. सगळं त्यांच्याच नावावर खपवलं असतं तर कोणी विचारलं नसतं. तसं केलं नाही. कोणता भाग कोणाचा, हे वाचकापुढे ठेवलं गेलं, आणि म्हणूनच ‘ख्रिस्तायन’ हे आज लक्ष्मीबाईंचंही कर्तृत्व म्हणून वाचलं जातं. पहिल्या शुभवर्तमानाच्या बाबतीत अभ्यासक याहून वेगळं काही मागत नाहीत.

स्मरणिकांच्या संपादकांना आणि व्यासपीठावर बोलणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. बर्थलमयाची कथा जरूर छापा, पण तिच्यावर ‘परंपरेतील कथा’ असं लिहा आणि पुळुमावीचं नाव तिच्यातून काढा. जी पानं मोकळी होतील ती शरणपूरच्या कुटुंबांना द्या. घरोघरी अजून सांगणारी म्हातारी माणसं आहेत, जुने बाप्तिस्म्याचे दाखले ट्रंकांत आहेत, फोटो आहेत. ते या वर्षीच लिहून घ्या.